साखळीविना विद्युत सायकल : गुण, मर्यादा आणि बंगळुरूचा अनुभव

शहरी वाहतुकीचा विचार करताना मेट्रो, उड्डाणपूल, वर्तुळाकार रस्ते अशा मोठ्या प्रकल्पांकडे सर्वप्रथम लक्ष जाते. तथापि सर्वसामान्य प्रवाशाची खरी अडचण बहुधा घर ते स्थानक आणि स्थानक ते कामाचे ठिकाण या दोन-तीन किलोमीटरच्या अंतरात असते. बंगळुरू शहर याचे ठळक उदाहरण होय. २० ऑक्टोबर २०११ रोजी बैयप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी मार्ग या टप्प्यावर ‘नम्म मेट्रो’ सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही सुमारे १९ किलोमीटरची पिवळी मार्गिका तिला जोडली गेली. मार्गिका वाढल्या, तसा स्थानकाबाहेरच्या प्रवासाचा प्रश्नही अधिक ठळक झाला. २०११ च्या जनगणनेनुसार बंगळुरू नगर जिल्ह्याची लोकसंख्या ९६ लाखांहून अधिक होती. त्यानंतरच्या काळात शहराचा विस्तार थांबलेला नाही.

या अखेरच्या टप्प्यासाठी जी छोटी विद्युत वाहने शहरात आली, त्यांपैकी अनेकांचा सांगाडा सायकलसारखा आहे. मात्र त्यांना साखळी नाही आणि पायडलही नाही. दुसरीकडे, पायडल असूनही साखळी नसलेल्या विद्युत सायकली परदेशात विकसित झाल्या आहेत. साखळी काढून टाकल्याने नेमके काय साधते, काय गमवावे लागते आणि हा बदल कोणासाठी हिताचा आहे, या प्रश्नांचा विचार तंत्रज्ञान, ऊर्जा, कायदा आणि रोजगार या चारही अंगांनी करणे आवश्यक आहे.

साखळीचे कार्य

सायकलच्या आरंभीच्या काळात पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असत. अधिक वेग हवा तर चाक मोठे करावे लागे आणि त्यामुळे उंच, धोकादायक सायकली प्रचारात आल्या. १८८० मध्ये हान्स रेनॉल्ड यांनी इंग्लंडमध्ये रोलर साखळी तयार केली. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल आली. सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळीने मिळणारी गती ही तिची रचना आजही मूलतः कायम आहे.

पायडलजवळचे मोठे दातेरी चक्र आणि मागच्या चाकाचे लहान चक्र यांच्या दातांच्या प्रमाणावर चाकाची गती ठरते. पुढे ४४ आणि मागे २२ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोनदा फिरते. स्वच्छ आणि तेल दिलेल्या साखळीतून पायाच्या शक्तीचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग चाकापर्यंत पोहोचतो. इतक्या कमी खर्चात इतकी कार्यक्षमता देणारी यंत्ररचना विरळाच.

साखळीचे दोषही सर्वपरिचित आहेत. धूळ व चिखलाने ती झिजते, पावसात गंजते, सैल झाली की निसटते, कपड्यांना काळे डाग लावते. साडी, ओढणी किंवा पायजम्याचा काठ तिच्यात अडकण्याची भीती असते. म्हणूनच तिच्यावर पत्र्याचे आवरण बसवण्याची प्रथा भारतात रूढ झाली.

साखळीविना सायकलीचे प्रकार

‘साखळीविना’ या एका शब्दाखाली चार भिन्न रचना येतात. त्यांची गल्लत झाल्यास गुणदोषांचा हिशेब चुकतो.

पहिली रचना दांड्याची. यात पायडलची गती शंक्वाकार दातेरी चक्रे आणि फिरता दांडा यांच्या मदतीने मागच्या चाकाकडे जाते. १८९० च्या दशकात युरोप व अमेरिकेत अशा सायकली विकल्या जात होत्या. मात्र वजन, किंमत व घर्षण यांमुळे त्या साखळीपुढे टिकल्या नाहीत.

दुसरी रचना दातेरी पट्ट्याची. रबर किंवा तत्सम पदार्थात कार्बनचे तंतू घालून बनवलेला पट्टा गंजत नाही आणि त्याला तेल लागत नाही. मात्र पट्टा साखळीप्रमाणे कडी काढून उघडता येत नाही. त्यामुळे सायकलच्या सांगाड्यातच तो बसवण्यासाठी फट ठेवावी लागते. गिअर हवे असल्यास ते चाकाच्या मध्यभागी बंदिस्त स्वरूपात बसवावे लागतात.

तिसरी रचना सर्वांत वेगळी आहे. तिच्यात पायडल एका छोट्या जनित्राला जोडलेले असतात. पाय फिरवले की वीज निर्माण होते. ही वीज तारेतून बॅटरीकडे किंवा थेट मागच्या चाकातील मोटारीकडे जाते. पायडल आणि चाक यांच्यात कोणताही यांत्रिक दुवा नसतो. दक्षिण कोरियातील मांडो कंपनीने २०१२ मध्ये ‘फूटलूज’ ही अशी सायकल सादर केली, तर जर्मनीतील शेफ्लर कंपनीने २०२१ मध्ये याच तत्त्वावरची प्रणाली लोकांपुढे आणली. मालवाहू तीनचाकी व चारचाकी सायकलींसाठी ही रचना विशेष सोयीची ठरते. कारण तेथे लांब साखळी वळणावळणाने नेणे कठीण असते, तार मात्र कोठूनही नेता येते.

चौथ्या रचनेत पायडलच नसतात. बॅटरी, नियंत्रक आणि मागच्या चाकाच्या मध्यभागी बसवलेली हब मोटार एवढेच तिचे मुख्य भाग. हँडलवरील मूठ पिळली की वाहन चालू लागते. बंगळुरूच्या रस्त्यांवर भाड्याने मिळणारी वाहने प्रामुख्याने या प्रकारची आहेत.

ऊर्जेचे गणित

तिसऱ्या प्रकारातील लाभहानी समजण्यासाठी एक साधे उदाहरण घेता येईल. समजा जनित्राची कार्यक्षमता ९० टक्के, बॅटरी व नियंत्रकाची मिळून ९० टक्के आणि मोटारीची ८५ टक्के आहे. पायाने १०० एकक ऊर्जा दिली, तर चाकापर्यंत सुमारे ६९ एकक पोहोचेल. हीच ऊर्जा चांगल्या साखळीतून ९५ एककांहून अधिक पोहोचली असती. ऊर्जेचे रूप जितक्या वेळा बदलते, तितक्या वेळा तिचा काही अंश उष्णतेच्या रूपाने वाया जातो, हा भौतिकशास्त्राचा मूलभूत नियम येथे प्रत्ययास येतो.

सुदृढ व्यक्ती तासभर सातत्याने साधारण ७५ ते १०० वॉट शक्ती देऊ शकते. त्यामुळे केवळ पायाच्या बळावर अशी सायकल दूरवर चालवणे दमछाक करणारे ठरते. बॅटरी पूर्ण संपल्यास तर अडचण अधिकच वाढते. साखळीची विद्युत सायकल अशा वेळी जड का होईना, साधी सायकल म्हणून घरी आणता येते. पायडल नसलेले वाहन मात्र ढकलतच न्यावे लागते.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. हलक्या विद्युत दुचाकीला एक किलोमीटर जाण्यासाठी साधारणतः १५ वॉट-तास ऊर्जा पुरते, असे धरल्यास ७५ वॉटचा छताचा पंखा एक तास चालवण्याइतक्या विजेत ती ५ किलोमीटर धावते. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे ९ हजार वॉट-तास ऊर्जा असते. एका लिटरमध्ये ४५ किलोमीटर जाणारी स्कूटर म्हणजे दर किलोमीटरला २०० वॉट-तास खर्च करते. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात इंधनातील ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांशच विजेत रूपांतरित होते, हे हिशेबात धरले तरी हलके विद्युत वाहन तीन ते चार पटींनी काटकसरीचे ठरते. कर्नाटकात तर तुमकुरू जिल्ह्यातील पावगड येथे २,०५० मेगावॉट क्षमतेचा सौर ऊर्जा प्रकल्प आहे. मात्र वाहनांच्या बॅटऱ्या रात्री भारित केल्या, तर सौर विजेचा थेट लाभ मिळत नाही. त्यासाठी दिवसा भारण करण्याची व्यवस्था हवी.

बंगळुरूचा अनुभव

विद्युत वाहनांशी बंगळुरूचा संबंध जुना आहे. २००१ मध्ये ‘रेवा’ ही छोटी विद्युत मोटारगाडी याच शहरातून बाजारात आली. २०१७ मध्ये कर्नाटक शासनाने विद्युत वाहने व ऊर्जा साठवणूक यांविषयीचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी ‘युलू’ ही भाड्याने दुचाकी देणारी संस्था येथे स्थापन झाली. तिने २०१८ मध्ये साध्या पायडलच्या सायकलींनी सेवा सुरू केली आणि २०१९ मध्ये ‘मिरॅकल’ हे पायडल व साखळी नसलेले विद्युत वाहन आणले. २०१९ मध्येच पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज ऑटो कंपनीने तिच्यात गुंतवणूक केली आणि २०२३ मध्ये दोन्ही संस्थांनी मिळून नवी वाहने सादर केली.

पायडलच्या सायकलीकडून साखळीविना विद्युत वाहनाकडे झालेला हा प्रवास अभ्यासण्याजोगा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळुरूचे हवामान सौम्य असले, तरी येथील रस्ते चढ-उतारांचे आहेत. घाम न गाळता कार्यालयात पोहोचण्याची नोकरदारांची अपेक्षा असते. शिवाय भाड्याने दिलेल्या सायकलीला कोणी एक मालक नसतो. साखळीला वेळच्या वेळी तेल देणे, सैल झाल्यास ताणून बसवणे ही कामे कोणीच आपली मानत नाही. महाराष्ट्रातील गावोगावी पूर्वी तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने असत. तेथे दुकानदार रोज संध्याकाळी प्रत्येक सायकल पाहत असे. हजारो वाहने शहरभर विखुरलेली असताना तशी देखरेख दुष्कर होते. पुण्यातही २०१७ च्या अखेरीस औंध भागात व विद्यापीठाच्या परिसरात सार्वजनिक भाडे-सायकल योजना सुरू झाली होती. पुढे सायकलींची मोडतोड आणि देखभाल हेच तिच्यापुढील मोठे प्रश्न ठरले. अशा स्थितीत ज्या वाहनात झिजणारे भाग कमी, ते वाहन संस्थेच्या दृष्टीने सोयीचे असते.

बॅटरी अदलाबदलीची पद्धतही येथे उपयुक्त ठरली आहे. रिकामी बॅटरी काढून भारित बॅटरी बसवण्यास काही मिनिटे पुरतात. त्यामुळे वाहन तासन्‌तास भारणासाठी उभे ठेवावे लागत नाही. नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये बॅटरी अदलाबदल धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यात प्रामुख्याने दुचाकी व तीनचाकी वाहनांचाच विचार करण्यात आला होता.

फायदे

साखळीविना विद्युत सायकलीचे फायदे पुढीलप्रमाणे सांगता येतील. पहिला, यांत्रिक देखभाल कमी लागते; तेल, गंज, साखळी निसटणे हे प्रश्न उरत नाहीत. दुसरा, कपडे अडकण्याचा धोका टळतो, ही बाब साडी किंवा सलवार परिधान करणाऱ्या महिलांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. तिसरा, सांगाड्याची रचना करण्यास मोकळीक मिळते. घडी घालता येणारी किंवा सामान वाहून नेणारी सायकल बनवणे सुकर होते. चौथा, चढावरही फारसे श्रम पडत नसल्याने वयस्कर आणि सांधेदुखीने त्रस्त व्यक्तींना दुचाकीचा वापर शक्य होतो. पाचवा, हब मोटार थेट प्रकारची असल्यास ब्रेक लावताना वाया जाणारी थोडी ऊर्जा पुन्हा बॅटरीत साठवता येते. गिअर असलेल्या हब मोटारींत मात्र ही सोय सहसा नसते.

मर्यादा

मर्यादांचा विचारही तितक्याच गांभीर्याने व्हावयास हवा. साखळी तुटली तर रस्त्याच्या कडेला बसणारा कारागीर काही मिनिटांत नवी कडी घालून देतो. नियंत्रक बिघडला किंवा मोटारीतील गतिसंवेदक निकामी झाला, तर त्याच्याकडे ना सुटे भाग असतात, ना तपासणीची साधने. साधे पंक्चर काढतानाही हब मोटारीच्या तारा सोडवून जड चाक उतरवावे लागते. म्हणजेच साखळी गेल्याने देखभाल नाहीशी होत नाही. ती कारागिराच्या हातून निघून कंपनीच्या सेवाकेंद्राकडे जाते.

दुसरी मर्यादा बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरीची साठवणक्षमता वापरागणिक घटत जाते आणि वाहनाच्या किमतीत तिचा वाटा मोठा असतो. निकामी बॅटऱ्यांच्या विल्हेवाटीसाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू केले असून, वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तिसरी मर्यादा आरोग्याची. पायडल नसलेल्या वाहनात सायकल चालवण्याचा व्यायाम होत नाही. पायडल व जनित्र असलेल्या प्रकारात तो होतो. पण पायाला जाणवणारा जोर हा कृत्रिमरीत्या निर्माण केलेला असतो आणि अनेकांना त्याची सवय होण्यास वेळ लागतो.

कायद्याची चौकट

स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने या विषयाचा कायदेशीर भाग महत्त्वाचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) नुसार ज्या बॅटरीवरील दुचाकीच्या मोटारीची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरीखेरीज वजन ६० किलोग्रॅमच्या मर्यादेत असते, ती ‘मोटार वाहन’ मानली जात नाही. पायडलला साहाय्य करणाऱ्या सायकलीसाठी आणखी एक अट आहे : वेग ताशी २५ किलोमीटरला पोहोचताच, किंवा त्याआधी चालकाने पायडल मारणे थांबवल्यास, मोटारीचे साहाय्य बंद झाले पाहिजे. या निकषांची पूर्तता होते की नाही, याची तपासणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) यांसारख्या मान्यताप्राप्त संस्था करतात.

अशा वाहनांना नोंदणी व चालक परवाना लागत नाही. परवाना नसलेल्या तरुणाला किंवा गृहिणीला ही मोठी सोय आहे. मात्र सवलतीसोबत काही संरक्षणेही दूर होतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा असलेला तृतीय पक्ष विमा या वाहनांना लागू होत नाही. परिणामी, अशा वाहनाची धडक बसून पादचारी जखमी झाल्यास विमा कंपनीकडून भरपाई मिळण्याचा नेहमीचा मार्ग त्याला उपलब्ध नसतो. हेल्मेट सक्तीचे नसले, तरी वर्दळीच्या रस्त्यावर ताशी २५ किलोमीटर वेगाने पडल्यास डोक्याला गंभीर दुखापत होऊ शकते, हे विसरून चालणार नाही. वेगमर्यादा काढून टाकलेले वाहन तर या सवलतीस पात्रच राहत नाही.

आर्थिक प्रोत्साहनाच्या बाबतीत दोन भिन्न भूमिका दिसतात. १ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्के करण्यात आला आणि त्यात विद्युत सायकलींचाही समावेश आहे. मात्र १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२४ या काळात राबवलेल्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात दुचाकींसाठी किमान वेगाची अट असल्याने, ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेतील वाहने अनुदानाबाहेर राहिली.

रोजगाराचा प्रश्न

बंगळुरूत या वाहनांचा वापर केवळ मेट्रोच्या प्रवाशांपुरता राहिलेला नाही. खाद्यपदार्थ व किराणा घरपोच करणारे अनेक तरुण ती भाड्याने घेतात. वाहन विकत घेण्यासाठी भांडवल नाही, परवाना नाही, पेट्रोलचा खर्च परवडत नाही, अशा स्थलांतरित तरुणाला कामाची सुरुवात करण्यासाठी हे साधन उपयोगी पडते. तथापि भाडे दिवसाच्या हिशेबाने द्यावे लागते आणि मिळकत फेऱ्यांवर अवलंबून असते. वाहन मध्येच बंद पडल्यास बुडालेल्या फेऱ्यांचा भार त्याच्यावरच पडतो. साखळीची सायकल त्याने स्वतः किंवा जवळच्या कारागिराकडून दुरुस्त करून घेतली असती; साखळीविना वाहन बदलून मिळेपर्यंत त्याला थांबावे लागते. कर्नाटकाने २०२५ मध्ये मंचाधारित गिग कामगारांच्या सामाजिक सुरक्षा व कल्याणासाठी कायदा केला आहे. भाड्याच्या वाहनातील बिघाडाचा तोटा कोणी सोसावा, हा प्रश्नही कामगार कल्याणाच्या चर्चेत यावयास हवा.

समारोप

या विवेचनावरून असे दिसते की, साखळीविना विद्युत सायकल सरसकट श्रेष्ठ किंवा सरसकट कनिष्ठ ठरवता येत नाही. वाहनांचा मोठा ताफा, त्याची देखरेख करणारी संस्था, जवळपास बॅटरी अदलाबदल केंद्रे आणि कमी अंतराचा प्रवास या गोष्टी एकत्र असतील, तेथे ती उपयुक्त आहे. बंगळुरूच्या मेट्रो स्थानकांचा परिसर याला अनुकूल ठरला तो त्यामुळेच. याउलट लहान शहरातील विद्यार्थी, शेतमजूर किंवा कारखान्यातील कामगार जेव्हा स्वतःच्या मालकीची एकच सायकल वापरतो आणि सेवाकेंद्र त्याच्यापासून दूर असते, तेव्हा साखळी व पायडल असलेली विद्युत सायकल अधिक भरवशाची ठरते. बॅटरी संपली तरी ती त्याला घरी पोहोचवते.

या दृष्टीने काही उपाय सुचवता येतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून सायकल कारागिरांना हब मोटार व नियंत्रक यांच्या दुरुस्तीचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण द्यावे. सुट्या भागांची आणि बॅटरीच्या जोडणीची एकसमान मानके ठरवावीत. भाड्याच्या ताफ्यांना अपघात विमा बंधनकारक करावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या हलक्या वाहनांसाठी रस्त्यावर सुरक्षित जागा हवी. २०२० मध्ये बंगळुरूच्या बाह्य वळण रस्त्यावर सायकलींसाठी तात्पुरता स्वतंत्र पट्टा आखण्यात आला होता. तसे पट्टे कायमस्वरूपी झाल्यास साखळीची असो वा साखळीविना, प्रत्येक सायकलस्वाराला त्याचा लाभ होईल.